साडेसहाची नळी आणि तीनदा फेल झालेलं वीनिंग

मावशी आमच्या आयसीयूत आल्या तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. वय ५८, उंची १५८ सेंमी, वजन जेमतेम ४६ किलो. तंबाखू नाही, बिडी नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसून स्वयंपाक केलेला आणि गेली सहा-सात वर्षं थंडी सुरू झाली की दम लागायचा. यावेळी चार दिवस ताप आणि पिवळा बेडका, पाचव्या रात्री बोलताही येईना म्हणून मुलाने तालुक्याच्या गावातल्या छोट्या हॉस्पिटलात नेलं, तिथे सॅच्युरेशन सत्तरच्या आत, पेशंट गुंगीत, तिथल्या डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न करून तोंडातून श्वासनलिकेत नळी टाकली आणि अँब्युलन्समधून आमच्याकडे पाठवलं. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, क्रम आणि आकडे तसेच ठेवलेत.

पहिला एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पीएच ७.१८, कार्बन डायऑक्साइड ९२. सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) जोरदार अटॅक आणि उजव्या खालच्या भागात न्यूमोनिया. अँटिबायोटिक, स्टेरॉइड, नेब्युलायझर, सिडेशन, व्हेंटिलेटर. हा भाग नेहमीसारखाच झाला आणि चांगला झाला. चौथ्या दिवशी पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ५८ (या मावशींसाठी हेच नॉर्मल असणार, बायकार्बोनेट ३२ होतं), ऑक्सिजन ३५ टक्क्यांवर, ताप नाही, छातीतली शिट्टी जवळपास गेलेली, सिडेशन बंद केल्यावर मावशी टकामका बघतायत, हात दाबा म्हटलं की दाबतायत. म्हणजे व्हेंटिलेटर सोडवायची, वीनिंगची वेळ झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नळी काढायच्या आधी आपण पेशंटची परीक्षा घेतो, मशीनची मदत अगदी कमी करून किंवा मशीन काढून नळीला नुसता ऑक्सिजनचा टी आकाराचा जोड (टी-पीस) लावून, अर्धा तास ते दोन तास स्वतःच्या ताकदीवर श्वास घ्यायला लावतो. याला एसबीटी म्हणतात. त्यात आपण एक आकडा बघतो, मिनिटाला किती श्वास भागिले एका श्वासात किती लिटर हवा. १९९१ मध्ये यांग आणि टोबिन यांनी १०५ ही रेषा दिली, त्याच्यावर गेलं तर श्वास भराभर आणि उथळ चाललाय, पेशंट दमतोय असं समजायचं.

चौथ्या दिवशी टी-पीसवर मावशी पंधरा मिनिटं टिकल्या. श्वास २२ वरून ३६, एका श्वासात २१० मिली, म्हणजे आकडा १७१. कपाळावर घाम, मानेचे स्नायू ताणलेले, डोळे मोठे. परत मशीनवर. पाचव्या दिवशी टी-पीस नको म्हणून प्रेशर सपोर्ट (श्वास ओढताना मशीनची मदत) ७ आणि पीप (श्वास सोडल्यावरही मशीन छातीत राखतं ते प्रेशर) ५ वर केलं, पंचवीस मिनिटांनी तेच, ३४ श्वास आणि २३० मिली. सहाव्या दिवशी पुन्हा तेच, बावीस मिनिटं.

मधल्या काळात आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. इको केला, हार्ट चांगलं. पोटॅशियम, फॉस्फेट बघून भरून काढलं. अंगात पाणी जास्त झालंय का म्हणून लघवीचं औषध दिलं. एक्स-रेत न्यूमोनिया विरघळत होता. मान उचलून धरा म्हटलं तर पाच सेकंद धरत होत्या, म्हणजे स्नायू अगदीच गेलेले नव्हते. तरी सहाव्या दिवशीच्या राऊंडला फाइलवर "वीनिंग फेल्युअर, सीओपीडी, ट्रेकिओस्टॉमीचा विचार" असं लिहिलं गेलं, आणि ते मीच लिहिलं. मुलाला बाजूला घेऊन समजावलं. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, गळ्याला भोक पाडल्यावर आई बोलेल ना?" आणि सही केली.

इथून पुढचं श्रेय रात्रपाळीच्या सिस्टरांचं आहे, माझं नाही. रात्री दहाच्या हँडओव्हरला त्या म्हणाल्या, "मॅडम, सक्शनचा कॅथेटर दर वेळी एकाच जागी अडकतोय, गोल फिरवला की जातो, काल बारा नंबरचा जातच नव्हता म्हणून मी दहाचा घेतला." हा कॅथेटर म्हणजे श्वासाच्या नळीतून आत घालून बेडका ओढून काढायची बारीक नळी. मी विचारलं श्वासाची नळी किती नंबरची आहे. कोणालाच पटकन सांगता आलं नाही. टेप सोडवून, थुंकी पुसून, टॉर्च मारून बघितलं तेव्हा दिसलं, साडेसहा, म्हणजे आतला व्यास साडेसहा मिलिमीटर. सहा दिवस ती नळी माझ्या डोळ्यासमोर होती आणि तो आकडा मी वाचला नव्हता, ट्रान्सफरच्या कागदावर नव्हता, आमच्या चार्टवर "ईटी (म्हणजे ही नळी) २० सेंमीला फिक्स" एवढंच होतं.

आणि मग मला मावशींची खूण आठवली. दोन दिवस त्या अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून, मधे अगदी बारीक फट ठेवून, तोंडातल्या नळीकडे बोट दाखवत होत्या. आम्ही समजलो घसा दुखतोय, नळी टोचतेय, आणि पॅरासिटामॉल दिलं. त्या अरुंद आहे म्हणून सांगत होत्या.

रात्रीच थोडं झोपेचं औषध, प्रोपोफॉल, देऊन व्हेंटवर मोजमाप केलं. व्हॉल्यूम कंट्रोल, ३५० मिली, फ्लो सरळ मिनिटाला ६० लिटर, म्हणजे सेकंदाला एक लिटर, हिशोब सोपा पडतो. पीक प्रेशर ४२ आलं. श्वास आत रोखून धरल्यावर प्लॅटो १९. मधलं अंतर २३. प्लॅटो सांगतो फुप्फुस किती ताठ आहे, आणि पीक व प्लॅटोमधलं अंतर सांगतं हवा वाटेत किती घासली, म्हणजे नळी अधिक श्वासनलिका. आता पहिल्या दिवशीचा चार्ट काढला, तेव्हा पीक ४८ आणि प्लॅटो २६ होतं, अंतर २२. इथे सगळी गोम होती. न्यूमोनिया सुधारला म्हणून प्लॅटो २६ वरून १९ वर आला, ते बरोबर. पण छातीतली शिट्टी गेली, श्वासनलिका मोकळ्या झाल्या, तर ते अंतर पण निम्म्यावर यायला हवं होतं, ते तिथल्या तिथेच, उलट एकाने वाढलेलं. म्हणजे एकीकडे फुप्फुसातला अडथळा कमी होत होता आणि दुसरीकडे नळीतला वाढत होता, बेरीज तेवढीच राहिली म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही रोज पीक प्रेशर बघून "अजून ब्रॉन्कोस्पाझम आहे" म्हणजे श्वासनलिका आवळलेल्याच आहेत, असं म्हणत नेब्युलायझर वाढवत होतो. श्वास सोडून झाल्यावर होल्ड केलं तर छातीत ११ प्रेशर उरत होतं, आम्ही दिलेलं पीप ५, म्हणजे सहा सेंमी पाण्याइतकी हवा आतच अडकून राहत होती, आणि पुढचा श्वास मशीनकडून मागून घ्यायच्या आधी मावशींना ते सहा आधी ओढून काढावं लागत होतं, प्रत्येक श्वासाला, मिनिटाला तीस-चौतीस वेळा.

नळीच्या मापाचा हा खेळ कॉलेजात पहिल्या वर्षी फिजिओलॉजीत शिकवतात. पॉइझ्युली हा फ्रेंच डॉक्टर, त्याने १८४० च्या सुमारास बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून सोडून काढलेला नियम, नळीतला अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. आपण तो परीक्षेत लिहितो आणि सलाइनच्या कॅन्युलाला लावतो, जाड सुई घ्या म्हणतो, पण तोंडातल्या नळीला लावायला विसरतो. साडेसात आणि साडेसहा, फरक दिसायला एक मिलिमीटर, पण चौथ्या घाताने साडेसहाचा अडथळा १.७७ पट. आठ आणि सहाची तुलना केली तर ३.१६ पट. आणि हे शांत, सरळ वाहणाऱ्या हवेसाठी. दमलेला पेशंट जोराने श्वास ओढतो तेव्हा नळीत हवा घुसळते, मग हिशोब पाचव्या घाताच्या जवळ जातो, म्हणजे जितका जीव तोडून ओढाल तितकी नळी जास्त अडवते. म्हणून हे पेशंट आरामात मशीनवर असताना ठीक दिसतात आणि एसबीटीत कोसळतात.

त्यात भर म्हणजे नळी टाकल्या दिवशी साडेसहा असते, सहाव्या दिवशी नसते. आतून बेडक्याचा थर चढतो. एक मिलिमीटर व्यास गेला तर साडेसहाची साडेपाच झाली आणि अडथळा आणखी १.९५ पट, स्वच्छ साडेसातच्या तुलनेत जवळपास साडेतीन पट. मावशींना आम्ही एचएमई फिल्टर लावला होता, म्हणजे श्वासातलीच वाफ धरून परत देणारा. तो सोयीचा आहे आणि बऱ्याच पेशंटला पुरतो, पण ज्याचा बेडका घट्ट आहे त्याला पुरत नाही, शिवाय त्या फिल्टरच्या आतली पन्नास-एक मिली जागा म्हणजे फुकटचा श्वास, जो माणूस एका वेळी २१० मिलीच घेतोय त्याचा चौथा हिस्सा तिथेच गेला. याला सहा दिवस जबाबदार आम्ही. तो त्याच रात्री काढून गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लावला.

सक्शनच्या कॅथेटरबद्दल पण लिहून ठेवते, कारण नवीन मुलामुलींना हे कोणी नीट सांगत नाही. कॅथेटरची बाहेरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. सोपा हिशोब, नळीच्या नंबरातून दोन वजा करा आणि दुप्पट करा. आठच्या नळीला बारा, सातला दहा, साडेसहाला नऊ, म्हणजे दहा हा सुद्धा काठावरचाच. आमच्या ट्रॉलीवर मोठ्या माणसांसाठी बाराचेच भरलेले असतात. जाड कॅथेटर बारीक नळीत घातला की बाजूने हवा यायला जागा उरत नाही, सक्शन चालू केलं की फुप्फुसातली हवाच ओढली जाते, सॅच्युरेशन पडतं, मग सिस्टर घाबरून लवकर बाहेर काढतात, बेडका तिथेच राहतो, थर वाढतो. अडकणारा कॅथेटर हा निदानाचा भाग आहे, तो चार्टवर लिहायला जागा हवी.

आता प्रश्न होता करायचं काय. पहिला पर्याय ठरलेला होताच, ट्रेकिओस्टॉमी. नळी लांबीला आखूड, आतून बदलता येणारी, त्रास संपला असता. पण मावशींचं फुप्फुस सुधारलेलं, दोन-तीन दिवसांत सुटू शकेल अशा बाईच्या गळ्याला छेद द्यायला आता मन तयार नव्हतं. दुसरा, नळी सरळ काढून बायपॅपवर, म्हणजे घट्ट मास्कमधून मशीनच्या मदतीवर टाकणं. सीओपीडीत हे मान्य आहे, बऱ्याचदा यशस्वी होतं. तिसरा, नळी बदलून मोठी टाकणं.

दुसऱ्या पर्यायावर आमची रात्री बराच वेळ चर्चा झाली आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. नळी हाच अडथळा असेल तर काढूनच टाका, इतकं सरळ वाटतं. पण १९९८ मध्ये स्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी १४ पेशंटमध्ये नळी काढायच्या आधी आणि नंतर श्वासाचे कष्ट मोजले तेव्हा ते जवळजवळ सारखेच निघाले. कारण नळीने घासून, दाबून घशातली जागा सुजलेली असते, नळी गेली तरी तिची जागा सूज घेते. म्हणजे "नळी काढली की मोकळं वाटेल" हे गृहीत धरता येत नाही. त्या पेशंटच्या नळ्या वाळलेल्या बेडक्याच्या खपलीने भरलेल्या नव्हत्या हेही खरं, आणि मावशींचा मामला त्याहून वाईट होता हेही खरं. पण मला भीती दुसरीच होती. पहिल्यांदा नळी टाकताना दोन प्रयत्न लागलेले, पुढचे दात बाहेर आलेले, तोंड कमी उघडणारं. काढली, टिकल्या नाहीत, आणि रात्री तीन वाजता परत टाकायची वेळ आली तर? शिवाय तीन दिवस रोज दमवलेले स्नायू. मला आधी त्यांना एक रात्र मोकळ्या नळीतून झोपू द्यायचं होतं.

नळी बदलण्यातही धोका कमी नाही. नेहमी आपण लांब एक्स्चेंज कॅथेटर जुन्या नळीतून आत सोडतो आणि त्याच्यावरून नवी सरकवतो. इथे तो कॅथेटर खपली पुढे ढकलून श्वासनलिकेत पाडू शकला असता. म्हणून सातव्या दिवशी सकाळी, भर दिवसा, सगळे हजर असताना, अनेस्थेशियाच्या सरांनी व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने आधी स्वरयंत्र पडद्यावर आणलं, दिसतंय याची खात्री केली, मग मी जुनी नळी हळू ओढली आणि त्यांनी नजरेसमोर बूजी (बारीक लवचिक कांडी) आत घालून त्यावरून साडेसातची सरकवली. गळ्याजवळ ईएनटीचे सर ग्लोव्हज घालून उभे होते, सात नंबर आणि साडेसहा नंबर उघडून बाजूला ठेवलेल्या. एकूण चाळीस-पन्नास सेकंद. सॅच्युरेशन ९१ च्या खाली गेलं नाही.

जुनी नळी मी फेकू दिली नाही. ट्रेमध्ये घेऊन सर्जिकल ब्लेडने उभी चिरली. वरचा अर्धा भाग स्वच्छ. वळणाच्या खाली, टोकाच्या अलीकडे तीन-चार सेंमीचा पट्टा पिवळट-तपकिरी, गुळाच्या काकवीचा थर वाळल्यावर होतो तसा, नखाने खरवडला तरी सुटेना. सर्वात अरुंद जागी भोक एवढंच, की ज्वारीचा दाणा पलीकडे गेला असता आणि हरभरा अडकला असता. सिस्टर शेजारी उभ्या होत्या, त्यांनी दहाचा कॅथेटर घेऊन त्या तुकड्यात घालून बघितला, तो तिथेच अडकला, गोल फिरवल्यावर गेला.

त्याच सेटिंगवर परत मोजलं. पीक २९, प्लॅटो १८, अंतर ११. छातीत उरणारं प्रेशर ११ वरून ७. आम्ही एकही नवीन औषध दिलेलं नव्हतं.

त्या दिवशी एसबीटी केली नाही, मुद्दाम. मावशी दुपारभर आणि रात्रभर झोपल्या. आठव्या दिवशी सकाळी प्रेशर सपोर्ट ७ वर अर्धा तास, श्वास २४, एका वेळी ३१० मिली, आकडा ७७, कपाळ कोरडं. नळीच्या टोकाजवळचा फुगा (कफ) रिकामा करून बाजूने किती हवा गळते ते मोजलं, ३५० दिले तर १९० परत आले, म्हणजे १६० मिली बाजूने निघून गेले, घशात पुरेशी जागा आहे. ११० मिलीच्या खाली असतं तर सूज गृहीत धरून आधी स्टेरॉइड देऊन थांबलो असतो, तसं त्यांना स्टेरॉइड चालूच होतं. नळी काढली आणि लगेच बायपॅप लावला, पहिले २४ तास जवळपास सतत, मग फक्त रात्री. दुसऱ्या दिवशी आवाज घोगरा पण आला. मुलाला म्हणाल्या, "चहा आणलास का?" तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडला. बाराव्या दिवशी वॉर्डमधून घरी.

आता या केसमधून काय धरायचं आणि काय नाही यावर माझं मत. मावशी नळी बदलल्यामुळे सुटल्या असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, नळीचं माप, खपली, फिल्टर आणि एका रात्रीची झोप. खपली हा मोठा वाटेकरी होता असं मला वाटतं, आणि बारीक नळीत खपलीला माफी नसते. साडेसातच्या नळीत तीच खपली झाली असती तर कदाचित आम्हाला कळलंही नसतं. कोणी विचारेल की चौथ्या दिवशीच सरळ नळी काढून बायपॅपवर टाकलं असतं तर? शक्य आहे की तेव्हाच सुटल्या असत्या. मला ते राहून राहून वाटतं.

काही व्हेंटिलेटरमध्ये नळीचा नंबर टाकला की तिच्या अडथळ्याइतकी मदत मशीन आपोआप देतं, ट्यूब कॉम्पेन्सेशन. आमच्या मशीनमध्ये ती सोय आहे. पण त्यात कोणीतरी सुरुवातीला ७.५ टाकून ठेवलं होतं, नेहमीचं म्हणून, आणि ते वापरलंही नव्हतं. वापरलं असतं तरी मशीन साडेसातच्या हिशोबाने कमी मदत देत राहिलं असतं, आणि खपली तर कुठल्याच मशीनला दिसत नाही, ते नळी स्वच्छ आहे असंच धरून चालतं.

आणि याचा अर्थ सगळ्यांना आठची नळी ठोका असा कृपया काढू नका. मोठी नळी स्वरयंत्राला इजा करते, आवाज बसतो, जखमा होतात, महिनोन्महिने त्रास राहतो, उंची कमी असलेल्या बायकांना तर सातसुद्धा पुष्कळ असते. ज्याला चार तासांच्या ऑपरेशनसाठी नळी हवी त्याला बारीक चालते. ज्याची श्वासनलिका आधीच अरुंद आहे, बेडका घट्ट आहे, आणि जो आठवडाभर मशीनवर राहणार आहे, त्याच्यासाठी हा एक मिलिमीटर महागात पडतो. त्या रात्री तालुक्याला मात्र साडेसहाचीच नळी बरोबर होती, कारण तीच गेली. सत्तरच्या सॅच्युरेशनला, रक्त आणि बेडक्यातून, मदतीला एक वॉर्डबॉय असताना जी नळी आत जाते ती बरोबर नळी.

डिस्चार्जनंतर मी त्या डॉक्टरांना फोन केला. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान. सगळं ऐकून आधी गप्प झाले आणि मग म्हणाले, "मॅडम, माझं चुकलं का काही?" मी म्हटलं, अहो, तुम्ही नळी टाकली म्हणून त्या आमच्यापर्यंत जिवंत आल्या, फक्त नंबर आणि किती प्रयत्न लागले एवढं कागदावर लिहा, बाकी आमचं काम. आमच्या चार्टवर आता नळीच्या खोलीच्या शेजारी नळीचा नंबर, टाकल्याची तारीख आणि रोजचं पीक-प्लॅटो अंतर असे तीन रकाने आहेत, सिस्टरांनीच पट्टीने आखले. गेल्या महिन्यात त्याच डॉक्टरांकडून एक पेशंट आला, सापाच्या दंशाचा. गालावरच्या चिकटपट्टीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ८.०, २२ सेंमी, पहिल्याच प्रयत्नात.